शिडीवरून गवंडी पडला: चूक त्याची की त्याआधीची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तळेगावजवळ एका दुमजली बंगल्याचं काम तुम्ही ठेक्याने घेतलं आहे. छज्ज्याचा गिलावा करताना तुमचा गवंडी बांबूच्या शिडीवरून, साधारण दहा फुटांवरून, खाली आला. टाचेचं हाड चुरडलं. शिडी पोर्चच्या कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, उभी होती. चढताना काही झालं नाही, वर जाऊन काम सुरू केल्यावर ती सरकली. तुम्ही लिहिलंय, "सांभाळून कर म्हणून शंभरदा सांगितलं, पण ही माणसं ऐकत नाहीत." आता सगळ्यांना सेफ्टी बेल्ट घ्यावेत का, अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणली तर हे थांबेल का, आणि चूक त्याची असताना खर्च तुम्ही का सोसायचा, असे तुमचे तीन मुख्य प्रश्न आहेत.

त्याआधी एक निकडीची गोष्ट. त्याच्या पाठीचा एक्स-रे झाला आहे का, हे आजच विचारा. माणूस उंचावरून पायांवर पडतो तेव्हा धक्का टाचेत थांबत नाही. गुडघा, खुबा करत तो कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. टाच मोडलेल्या काही जणांचा मणकाही दबलेला निघतो, आणि टाचेची कळ इतकी असते की पाठ दुखतेय हे त्याला स्वतःलाही दोन-चार दिवस कळत नाही. मी डॉक्टर नाही, पण हे माझ्या डोळ्यांसमोर दोनदा घडलं आहे. दोन्ही वेळा मुकादमाने दवाखान्यात "पाय घसरून पडला" एवढंच सांगितलं होतं. केस होईल या भीतीने लोक उंची लपवतात, आणि मग डॉक्टर फक्त पाय बघतात. दहा फुटांवरून पडला, शिडीवरून पडला, हे तोंडाने स्पष्ट सांगा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीला त्रास असेल तर उद्यावर ढकलू नका.

मी बावीस वर्षं साइटवर आहे. पहिली सात वर्षं सुपरवायझर होतो, नंतर सेफ्टी ऑफिसर झालो. हिंजवडी, वाकड, चाकण या पट्ट्यातच बहुतेक काम झालं. मोठ्या टॉवरवरही केलं आणि तुमच्यासारख्या बंगल्यांवरही. विसाव्या मजल्यावर जाळी असते, कठडा असतो, तपासणीला माणसं येतात. दहा फुटांकडे कुणी बघत नाही, कारण दहा फूट म्हणजे उंची असं कुणाला वाटतच नाही. पण दहा फुटांवरून जमिनीवर यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास असतो. मोटरसायकलवरून त्या वेगाने भिंतीवर जाणं आणि हे, हाडांच्या दृष्टीने फार वेगळं नाही.

आता "ऐकत नाहीत" याबद्दल. सुपरवायझर असताना मीही दिवसभर हेच ओरडायचो. एकदा एक प्लंबर डक्टमध्ये शिडी लावून पाइप बसवत होता. मी खालून जाताना सवयीने म्हणालो, "सांभाळून रे भाऊ." तो "हो साहेब" म्हणाला. मी पुढच्या खोलीत पोचलो नसेन तोवर आवाज आला. त्याला दवाखान्यात पाठवून परत आलो आणि तिथेच उभा राहिलो. फरशीवर सिमेंटची बारीक पूड होती आणि तिच्यात शिडीच्या दोन पायांनी ओढलेल्या दोन सरळ रेघा होत्या, अडीच-तीन फूट लांब. त्याची एक चप्पल चौथ्या पायरीत अडकलेली होती. त्या रेघा बघताना माझ्या लक्षात आलं की त्याने सांभाळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. शिडी कुठली घ्यायची, कुठे टेकवायची, किती तिरकी ठेवायची, बांधायची की नाही, आणि मुळात ते काम शिडीवरून करायचं की नाही, हे सगळं तो चढण्याआधीच ठरून गेलं होतं. त्यातलं बहुतेक मी ठरवलं होतं, किंवा ठरवायचं राहून गेलं होतं. त्या दिवसानंतर मी साइटवर "सांभाळून" हा शब्द वापरत नाही.

तुमच्या शिडीचंही तसंच झालं असणार. चढताना सरकली नाही, वर गेल्यावर सरकली, यात त्याचा पाय चुकल्याचा पुरावा नाही, शिडी फार तिरकी लावल्याचा आहे. भिंतीला टेकलेली शिडी खालच्या घर्षणावर उभी असते. माणूस खालच्या पायऱ्यांवर असतो तेव्हा त्याचं वजन जवळपास सरळ जमिनीत जातं. तो जसजसा वर जातो तसतसा शिडीचा पाय बाहेर ढकलणारा जोर वाढत जातो आणि सगळ्यात वर तो सगळ्यात जास्त होतो. म्हणून "अर्ध्यापर्यंत तर नीट गेला होता" हे वाक्य प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतं. जमिनीशी साठ अंशांचा कोन करून लावलेल्या शिडीला वरच्या टोकाशी माणूस असताना जेवढं घर्षण लागतं, त्याच्या निम्म्याहून कमी पंचाहत्तर अंशांच्या शिडीला पुरतं. कोब्यावर वाळूचे कण असतील तर ते घर्षण आधीच कमी झालेलं असतं. त्यात तो छज्ज्याचा कोपरा गाठायला बाजूला वाकला असेल, थापीने जोर दिला असेल. थापी भिंतीवर दाबली की भिंतही माणसाला आणि शिडीला मागे ढकलते, हे आपण विसरतो.

पंचाहत्तर अंश मोजायला साइटवर कुणी कोनमापक काढत नाही. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, एवढं पुरे. दहा फुटांवर टेकणार असेल तर पाय भिंतीपासून अडीच फुटांवर. लिहिता-वाचता न येणाऱ्याला सांगायचं ते असं: शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं टेकवून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या उंचीला समोर सरळ करायचे. तळवे पायरीवर आरामात टेकले तर शिडी बरोबर. पुढे वाकावं लागलं तर फार तिरकी, कोपर दुमडला तर फार उभी. मी हे कन्नड, हिंदी आणि ओडिया बोलणाऱ्या टोळ्यांना शब्दांशिवाय दाखवलं आहे, एका मिनिटात कळतं.

पण नुसता कोन सुधारून तुमचा प्रश्न सुटणार नाही. गिलाव्याचं काम त्या शिडीवरून व्हायलाच नको होतं. वर जायचं आणि खाली यायचं, त्यासाठी शिडी असते. उभं राहून काम करायची ती जागा नाही. गिलाव्याला एका हातात थापी लागते, दुसऱ्या हातात मालाची पाटी. मग शिडी धरायला उरलं काय? चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम शिडीवर असले पाहिजेत. तुमचा गवंडी दोन पायांवर उभा होता, एक फूटभर अंतरावरच्या गोल बांबूवर, बहुधा चप्पल घालून. ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शनात शिडीवरच्या कामाला एका वेळी अर्ध्या तासाची आणि हातातल्या सामानाला दहा किलोची मर्यादा सुचवली आहे, आणि तीही हलक्या कामासाठी. बल्ब बदलायचा, क्लॅम्प कसायचा, एखादी खूण करायची, एवढ्यासाठी नीट बांधलेली शिडी चालते. गिलावा, वीटकाम, छिन्नी-हातोड्याने फोडणं, ड्रिलने भोक पाडणं, स्लॅबच्या पाट्या काढणं, यासाठी परांची, म्हणजे उभं राहून काम करायला बांधलेला मचाण, लागते.

तुम्ही म्हणाल, एका छज्ज्यासाठी कुठे परांची बांधू? माझ्या अनुभवात सगळे अपघात याच वाक्यात लपलेले असतात. पूर्ण भिंतीच्या गिलाव्याला तुम्ही परांची बांधली असणार, ती काढल्यावर राहिलेला एक कोपरा, एक छज्जा, एक पॅच शिडीवर चढून उरकला जातो. उरलेलं काम म्हणून ते कुणाच्या हिशेबात नसतं. तेव्हा पहिला बदल असा करा: परांची उतरवायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला घेऊन खालून पूर्ण फेरी मारा आणि काय राहिलंय ते खडूने भिंतीवर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. छज्ज्याच्या कडा, पाइपाच्या क्लॅम्पची भोकं, एसीच्या पाइपाची जागा, ग्रिल भिंतीत पकडून ठेवणारे होल्डफास्ट, हे सगळं परांची असतानाच उरकून घ्या.

तरीही काही राहिलंच तर दोन लोखंडी घोड्या आणि त्यांवर दोन-तीन सलग फळ्या, दोन्ही टोकांना बांधलेल्या, किंवा चाकांची छोटी परांची. चाकांची घेतलीत तर उंची तळाच्या लहान बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नेऊ नका, चाकं लॉक करा, आणि वर माणूस असताना ती ढकलू नका. पेंटचे ड्रम आडवे टाकून त्यावर फळी टाकणं बंद करा. भाडं परवडत नाही असं वाटलं तर एका कागदावर ते भाडं लिहा आणि शेजारी तुमच्या गवंड्याची रोजची हजेरी गुणिले नव्वद दिवस लिहा. टाच मोडलेला माणूस दोन-तीन महिने पाय टेकत नाही, आणि शिडीवर चढण्यालायक व्हायला त्याहून बराच वेळ जातो. काहींची टाच पुढेही ताठरलेली राहते, उंचसखल जमिनीवर चालताना दुखते. गवंड्याची सगळी कमाई उंचसखल जमिनीवरच असते.

जिन्याचंही बघा. छोट्या बंगल्यांवर स्लॅब आधी ओततात आणि जिना "नंतर बघू" म्हणून राहतो. मग दोन-दोन महिने सगळी माणसं, सगळं सामान शिडीनेच वर जातं. मी जिथे जिना स्लॅबबरोबरच ओतायला लावला आणि त्याला लगेच बांबूचा कठडा बांधून घेतला, तिथे शिडीचा निम्मा वापर आपोआप संपला. नवी शिडी आणायच्या आधी हे जमतं का ते पाहा.

जिथे शिडी लागणारच तिथे ती कशी असावी, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियम हलकं, टिकाऊ, पावसात कुजत नाही, खाली रबराचे बूट असतात. पण विजेची तार जवळ असेल, किंवा इलेक्ट्रिशियन ती उचलून नेणार असेल, तर ती घातक आहे. बंगल्यांच्या साइटवर रस्त्याकडेची लाइन बहुतेक वेळा गॅलरीच्या उंचीलाच असते, आणि उभी शिडी दोघांनी चालवत नेताना वर कुणाची नजर नसते. तिथे फायबरग्लासची घ्या. बांबूची शिडी वाईट नाही, फक्त तिची निगा वेगळी. गाठींजवळ उभी चीर आहे का, बुडाशी पिवळा भुसा पडतो का, म्हणजे भुंग्याने पोखरलाय का, आणि काथ्याचे बंध उन्हाळ्यात सैल झालेत का, हे बघावं लागतं. लाकडी शिडीला ऑइल पेंट लावू नका, रंगाखाली चीर दिसत नाही. अळशीचं तेल लावा.

मला खरी भीती वाटते ती सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावतात त्या लाकडांच्या, उरलेल्या पट्ट्यांची, साइटवरच खिळे ठोकून केलेल्या शिडीची. तिच्यात पायरी बाजूच्या वाशांवर नुसती ठोकलेली असते, म्हणजे माणसाचं सगळं वजन दोन-दोन खिळ्यांवर. त्यात पायऱ्यांचं अंतर सारखं नसतं. उतरताना पाय अंतर डोळ्यांनी मोजत नाही, आधीच्या पायरीच्या सवयीने खाली जातो. एक पायरी दोन इंच खाली असली की तोल गेलाच. अशी शिडी दिसली की मी ती मोडायला लावतो. बाजूला ठेवून दिली तर कुणीतरी ती पुन्हा वापरतंच. शिड्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग. दुकानदाराला त्याबद्दल विचारलंत तर निदान तो तुम्हाला घरगुती शिडी गळ्यात मारणार नाही.

लांबीत सगळ्यात जास्त लोक चुकतात. दहा फुटांच्या स्लॅबला बारा फुटी शिडी पुरेल असं वाटतं. नीट कोनात लावली तर ती स्लॅबच्या वर जेमतेम दीड फूट निघते, म्हणजे गुडघ्यापर्यंत. वर पोचल्यावर धरायला काही नाही, माणूस स्लॅबवर हात टेकून रांगत चढतो आणि उतरताना पाठमोरा होऊन पायाने पायरी चाचपतो. शिडी स्लॅबच्या वर तीन फूट हवी, म्हणजे चौदा फुटी घ्या. वरच्या टोकाला दोन्ही बाजू सळईला किंवा कॉलमला बांधा. खाली जमीन मऊ असेल तर फळी ठेवा, कोबा किंवा फरशी असेल तर आधी झाडून घ्या आणि पायांसमोर ठोकळा अडकवा किंवा खालचे पायही जवळच्या खांबाला बांधून टाका. वर बांधायला जो पहिल्यांदा चढेल, तेवढा वेळ खाली एकाने धरून उभं राहायचं. एकदा बांधली की धरायला माणूस लागत नाही आणि त्याची हजेरीही वाचते. पावसाळ्यात रोज सकाळी पायऱ्यांवरचा चिखल आणि शेवाळ पुसणं हे कुणा एकाचं काम म्हणून नेमून द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या साइटवर ती असणारच. डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढणाऱ्या बायका. एक हात घमेल्याला, एक शिडीला, साडीचा घोळ पायात, आणि वर पोचल्यावर घमेलं दुसऱ्याच्या हाती द्यायला मान मागे. तीन आधारांपैकी एक पहिल्याच पायरीपासून गेलेला. कप्पी आणि दोर लावा, बादलीने माल वर घ्या. कप्पीला फार खर्च येत नाही. जी बाई दिवसात साठ-सत्तर खेपा करते, तिची शेवटची दहा घमेली कशी चढतात ते एकदा संध्याकाळी साडेपाचला खाली उभं राहून बघा.

आता बेल्ट. बेल्ट घेऊ नका असं मी म्हणत नाही. परांचीच्या वरच्या टप्प्यांवर, स्लॅबच्या कडेला तो लागतोच, आणि घ्याल तो पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, कमरेचा पट्टा नको. पण दहा फुटांवरच्या शिडीवर तो उपयोगाचा नाही. दोर साधारण सहा फुटांचा, त्याचा धक्का शोषणारा भाग उलगडला की आणखी पाच-सहा फूट, त्याखाली माणसाची स्वतःची उंची. ही बेरीज दहा फुटांच्या बरीच पुढे जाते, म्हणजे दोराने त्याला पूर्ण थांबवायच्या आत तो जमिनीवर. आणि हुक लावणार कशाला? मी हुक शिडीच्याच पायरीला लावलेले पाहिलेत. शिडी पडली की माणूस तिच्यासकट येतो, वर अडकून राहतो ते वेगळंच. हेल्मेट मात्र आजच घ्या, आयएस २९२५ चा शिक्का बघून, आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असेल तरच त्याला हेल्मेट म्हणा. पट्टा नसेल तर डोकं जमिनीला लागायच्या आधी हेल्मेट उडून जातं. चपलांऐवजी बूट द्या. पगारातून कापू नका.

न ऐकणाऱ्याला दंड लावू का, हेही तुम्ही मध्ये विचारलंय. काम उक्तं दिलंय की हजेरीवर, हे आधी मला सांगा. उक्त्या कामात माणसाला फुटावर पैसे मिळतात. शिडी सरकवून परत बांधायला लागणारी दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात, म्हणून तो न उतरता हात लांब करतो. तुम्ही दंड लावलात तर तो तुमची पाठ फिरेपर्यंत थांबेल. त्यापेक्षा परांची आणि शिडी बांधायची मजुरी वेगळी द्या. मी एका साइटवर ठेकेदाराला हे करायला लावलं तेव्हा तो नाखूश होता, पण दुसऱ्या आठवड्यापासून टोळी स्वतःहून फळ्या मागायला लागली. आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी उंचीवर पाठवू नका. नाक्यावरून आणलेला माणूस "येत नाही" असं कधीच म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर त्या दिवसाची हजेरी जाते.

खर्चाचं आता स्पष्ट बोलतो. कामावर असताना, कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. "त्याचं लक्ष नव्हतं" हा त्यातून सुटायचा मार्ग नाही. माणूस दारूच्या नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला असेल किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल, तर गोष्ट वेगळी, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही पळवाट उरत नाही. तुम्ही परांची दिली नव्हती, शिडी बांधायची पद्धत ठरवली नव्हती, मग त्याने मोडला तो नियम कुठला? औषधोपचाराचा खर्च आणि बरा होईपर्यंतच्या काळाची अंशतः भरपाई तुमच्याकडे येते. कायमचं काही व्यंग राहिलं तर त्याची रक्कम पगार, वय आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरते. तो गवंडी तुमच्या उपठेकेदाराचा असला तरी मुख्य ठेकेदार म्हणून तुम्ही बाजूला होत नाही. आणि "काही मागणार नाही" असा त्याचा अंगठा कागदावर घेऊ नका. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही, आणि बिछान्यावर पडलेल्या माणसाचा अंगठा घेणं बरोबरही नाही.

पुढच्या कामासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, छोट्या ठेकेदारालाही मिळते, ती काम सुरू व्हायच्या आधी घ्या. आणि तुमच्या माणसांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, एवढी मुख्य अट आहे. ते ९० दिवस केल्याचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. बरेच ठेकेदार तो देत नाहीत, उद्या आपल्यावर काही येईल म्हणून. मी पाहिलंय की पडलेल्या माणसाची बायको दाखल्यासाठी चार साइटवर फिरते आणि प्रत्येक जण "आमच्याकडे किती दिवस होता?" असं विचारतो. तुम्ही सही करा.

शिडी हा किरकोळ प्रकार नाही हे सांगायला एक आकडा देतो. अमेरिकेत २०११ मध्ये कामावरच्या शिडीवरून पडून ११३ माणसं गेली, आणि तिथल्या बांधकाम कामगारांच्या पडून झालेल्या ज्या इजा तातडीच्या विभागात आल्या, त्यांतल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक शिडीच्या होत्या. मी आजवर हाताळलेल्या अपघात नोंदवह्यांत मात्र "उंचावरून पडणे" असा एकच रकाना असतो, शिडीचा वेगळा नसतो. तुम्ही वही ठेवत असाल तर वेगळा करा. किती उंची, शिडी कशावर उभी होती, बांधली होती का, तो वर काय करत होता, एवढं लिहा. पडला नाही पण सरकला, हेही लिहा.

आणि पुन्हा असं झालंच, होऊ नये, तर दोघांनी हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकू नका. तुमच्या गवंड्याला तसंच नेलं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मान आणि पाठ हलू न देता तिथेच पडून राहू द्या, १०८ ला फोन करा, तोवर एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून मान स्थिर धरायची. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. सावली करा आणि त्याच्याशी बोलत राहा. गाडी येणारच नाही अशी जागा असेल तर सेंट्रिंगची रुंद फळी किंवा दार काढून, चार जणांनी एका वेळी, त्याला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवून त्यावर घ्या. हे चार जण कोण, ते आधी ठरवून एकदा करून बघा.

तुमचा गवंडी परत येईल तेव्हा घाई करू नका. पैशाच्या ओढीने तो डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या आधी येईल आणि "आता काही नाही" म्हणेल. त्याला उकिडवं बसायचं फरशीकामही लगेच देऊ नका, टाचेला ते सोसत नाही. हजेरी लिहिणं, स्टोअरचा हिशेब, सळईच्या रिंगा मोजून देणं असं बसून करायचं काम काही आठवडे पूर्ण हजेरीवर द्या. आणि राहिलेला छज्जा करायला पहिली परांची बांधाल तेव्हा त्याला खाली खुर्ची टाकून बसवा. फळी कुठे हवी, कठडा किती उंच हवा, हे त्याला विचारून बांधा. तो कोपरा गाठायला किती वाकावं लागतं, हे तुमच्या साइटवर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.